रंजनाने बावन्नपर्यंत मोजलं

मी बंदूक कधी हातात घेतलेली नाही. माझा नवरा नाईक दत्तू बर्फातल्या पोस्टवर वारला तेव्हा त्याची युनिट जयपूरहून वर गेली होती आणि मी जयपूरच्याच फॅमिली क्वार्टरमध्ये. पंचवीस वर्षांची, चौथी पास, कडेवर एक मुलगा. फौजेने मला तिथल्याच फौजी हॉस्पिटलात वॉर्ड सहायिका म्हणून लावलं. माझी पोस्टिंग ती एकच, पस्तीस वर्षांची. बेडपॅन, चादरी, रक्त पुसणं, प्रेत पुसणं आणि राऊंडचं रजिस्टर. जवान मला मावशी म्हणायचे. मेजरही मावशीच म्हणायचे.

जयपूरच्या मानसरोवर भागात आमचं मराठी मंडळ दरवर्षी शहीद जवानांसाठी कार्यक्रम करतं. यंदा मंडळाच्या बाई म्हणाल्या, "आजी, तुम्हीही चार पानं लिहा. लढाईतलं काहीतरी." मी लढाई पाहिली नाही. मी झोपेत मेलेली माणसं पाहिली आणि झोपेत मारणारा माणूस पाहिला. तेच लिहिते.

आधी दत्तूचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. दत्तू घोरायचा. घरी मी त्याला पायाने ढोसायची, तो कुशीवर वळायचा. पोस्टवर एका लहान हटमध्ये पाच जण झोपायचे. त्याचा बडी सुट्टीवर आला तेव्हा गडहिंग्लजजवळच्या आमच्या गावी मला भेटायला आला. फौजेत प्रत्येक जवानाला एक जोडीदार असतो, तो बडी. तो उंबऱ्यावरच बसला आणि म्हणाला, "वहिनी, त्या रात्री तो घोरायचा थांबला. आमाला वाटलं, चला, आज बरा झोपला. मग आमीबी झोपलो."

सकाळी दत्तू उठला नाही. अंगावर जखम नव्हती. वर हवा विरळ असते. झोपेत श्वास थांबला की रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि शरीराने स्वतःच दचकून उठावं लागतं. दत्तूचं शरीर दचकलं नाही. गावात कमानीवर शहीदांची नावं आहेत. सरपंच म्हणाला, गोळीनं गेलेल्यांचीच घालतो. मी भांडले नाही. भांडून तो उठणार नव्हता.

तेहेतीस वर्षांनी, माझी रिटायरमेंट दोन वर्षांवर आली असताना, हवालदार महादेव आमच्या ओपीडीत आला. आमच्याच तालुक्यातला. चाळिशीच्या आतला, मान जाड, छाती पिंपासारखी. उजव्या हाताच्या बोटांची हाडं मोडलेली. शेजारी त्याची बायको रंजना, तिच्या डाव्या मनगटाला प्लास्टर. बाकावर बसलेल्या इतर बायका तिच्याकडे पाहत होत्या आणि महादेवकडे पाहायचं टाळत होत्या.

तो एक्स-रेला आत गेला. मी तिला पाणी दिलं.

"मारतो का गं?" मी सरळ विचारलं.

"मारतात," ती म्हणाली. "पण त्यात ते नसतात, मावशी."

"मग कोण असतं?"

"ते विचारायला उठवावं लागतं. आन् उठवाय गेलं की दात जातोय." ती हसली. हसताना ओठाची शिवण ताणली म्हणून तोंडावर हात धरला.

बराकीत महादेवने झोपेत आपल्या बडीचा, नाईक कृष्णातचा, पुढचा दात पाडला होता. लोखंडी ट्रंकेला पोचा आणला होता. घरी त्याने रंजनाला झोपेत कपाटावर फेकलं, तेव्हा मनगट गेलं. बोटं मोडली ती भिंतीवर. उठल्यावर त्याला काही आठवायचं नाही. फक्त म्हणायचा, कुणीतरी छातीवर बसलं होतं, डोकं पाण्यात दाबत होतं. जागेपणी त्याने बायकोवर आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. मी त्यांच्या क्वार्टरच्या शेजारणींना विचारून आले. मी ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवत नाही, आणि हसऱ्या बायकांवर तर अजिबात नाही.

रंजनाने तिची व्यवस्था सांगितली. ती वेगळी झोपायची. जाळ्या काढायचा लांब बांबू दाराआड असायचा. त्याला उठवायचं तर दारात उभं राहून बांबूने पायाचा अंगठा ढोसायचा. "आमच्यात असंच उठवत्यात," ती म्हणाली. खरं होतं. जवानाला खांद्याला धरून उठवायचं नाही हे फौजेत पहिल्या आठवड्यात शिकतात. अंगठा धरायचा, रँक आणि नाव मोठ्याने घ्यायचं, दोन पावलं मागे सरायचं. तिने अंगठ्यापर्यंत बांबू नेला एवढंच.

"आधी घोरत्यात," ती म्हणाली. "मग एकदम बंद. मी मोजते. परवा बावन्नपर्यंत मोजलं. बावन्नला आचका दिला आन् हात सुटले."

"मोजतेस कशाला?"

"मग काय करू? दारात उभं राहून दुसरं काय करता येतंय?"

मी तिला मेजर मॅडमकडे नेलं. त्या छातीच्या डॉक्टर. मॅडम मराठी नव्हत्या, पण पुण्यात शिकलेल्या. त्यांनी महादेवला फौजी भाषेत समजावलं.

"हवालदार, झोपेत तुमचा गळा आतून बंद होतो. हवा जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो. मग नसा काय करतात? शत्रू दिसला की पहाऱ्यावरचा संत्री काय करतो?"

"स्टँड-टू देतो, मॅडम."

"बरोबर. नसा स्टँड-टू देतात. हृदय पळतं, बीपी चढतो, हातपाय लढाईला तयार होतात. फक्त तुम्ही जागे होत नाही. कमांडर झोपलेला आणि पलटण उठलेली. असं असू शकतं. आधी तपासू."

पहिली तपासणी साधी होती. मनगटाला घड्याळासारखं मशीन, त्याची क्लिप बोटात. रात्रभर ऑक्सिजनचा आकडा आणि नाडी त्यात नोंदली जाते. आकडा उतरला तर पुढे वायरी लावून पूर्ण तपासणी. मॅडमनी महादेवला एका रात्रीसाठी भरती केलं. सोबतीला युनिटने नाईक कृष्णातला पाठवलं.

एप्रिल होता. रात्री २१३० ला मी स्वतः महादेवच्या मनगटाला मशीन बांधलं. क्लिप डाव्या हाताच्या दुसऱ्या बोटात. कृष्णात खुर्चीवर बसला होता, तोंडात नवा दात.

"मावशी, ह्याच्या शेजारी बसवलंय मला. चिलखत मिळंल का?"

"गप बस, बत्ताशा," महादेव म्हणाला.

माझे राऊंड ०१०० आणि ०४०० ला. ०१०० ला दुसऱ्या वॉर्डात एकाने सलाईन उपटलं म्हणून मी दारातूनच पाहिलं. ०४०० ला आत गेले. महादेव पाठीवर झोपून घोरत होता. दोन्ही हात चादरीवर. मनगट रिकामं.

मी टॉर्च कृष्णातकडे फिरवला. तो टक्क जागा होता, मांडीवर घोंगडी.

"कृष्णात, हात बघू."

"थंडी वाजतीया, मावशी."

"जयपुरात? एप्रिलात?"

त्याने हात बाहेर काढला. मशीन त्याच्या मनगटावर होतं. क्लिपचा लाल दिवा त्याच्या बोटात. आकडा सत्त्याण्णव.

"दादाचं नायब सुभेदारीला नाव लागलंय," तो हळू म्हणाला. "म्हैन्यात मेडिकल बोर्ड. कॅटेगरी उतरली की बढती गेली. सतरा वर्षं घासलीत त्यानं."

"आणि तुझा दात?"

"दात माझा हाय. मी बघतो की."

तेवढ्यात घोरणं थांबलं. मी मोजायला लागले. एकतीसला महादेवने घशातून आवाज काढला, पलंग हलला आणि त्याची मूठ भिंतीवर आदळली. भिंतीच्या गिलाव्याचा तुकडा पडला. कृष्णातने तिकडे न बघता दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. सवयीने. मग महादेव परत घोरायला लागला.

"त्याला कळतंय का, मशीन तुझ्याकडं हाय ते?" मी विचारलं.

"त्यानंच दिलं. मावशी, लिहू नका. पाया पडतो तुमच्या."

मला दत्तू आठवला नाही असं मी म्हणणार नाही. आठवला. पण मी असाही विचार केला की दोन गडी आपल्या तालुक्यातले, एकाची रँक, दुसऱ्याची बाहीवरची पट्टी, आणि मी चौथी पास बाई. बडीचं झाकायचं असतं हे मी फौजेच्या क्वार्टरमध्ये शिकले होते. रजिस्टरात तीन रकाने होते. मी लिहिलं: ०४००. ९७. ठीक.

सकाळी मशीन परत महादेवच्या हातात होतं. रिपोर्ट साफ आला. मॅडमनी तो दोनदा पाहिला आणि महादेवला म्हणाल्या, "मशीन ठीक सांगतंय. मी मनाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देते. पण घरी सावधगिरी सोडू नका." रंजनाने पहिलं वाक्य ऐकलं. पुढची ऐकली नाहीत.

दोन दिवसांनी ती डब्यात शेंगदाण्याचे लाडू घेऊन आली.

"मशीनमध्ये सगळं नॉर्मल हाय, मावशी. म्हणजे श्वासाचं न्हाई. उगं मोजत बसले मी येड्यासारखी. आता मनाच्या गोळ्या चालू केल्यात. बरं पडंल."

तिथे मी बोलू शकले असते. व्हरांड्यात आम्ही दोघीच होतो. मी लाडू खाल्ला आणि चांगला झालाय म्हणाले.

तीन आठवडे गेले. मे महिना, बाहेर लू, म्हणजे तिकडचा जळता वारा. महादेवच्या कंपनीचं दोन रात्री नाईट फायरिंग होतं. दोन रात्री जागून तो ११४० ला घरी आला. आंघोळ केली, जेवला, १२३० ला झोपला. हे सगळं नंतर त्याच्याच जबानीत आलं. पुढचं त्याला माहीत नाही.

१३२० ला कॅज्युअल्टीच्या दारात आरडाओरडा झाला. मी बादली टाकून धावले. महादेव अनवाणी, बनियनवर, रंजनाला दोन्ही हातांवर घेऊन उभा होता. क्वार्टरपासून तो तिला घेऊन पळत आला होता. तापलेल्या डांबराने त्याच्या पायांची सालं निघाली होती. त्याच्या गालावर, मानेवर तिच्या नखांचे ओरखडे.

"मावशी, ही बोलंना," तो म्हणाला. "मी उठलो तर माझा हात हिच्या…"

आम्ही तिला घेतलं. गळ्यावर दोन अंगठे उमटलेले. डाव्या खांद्यापाशी हाड वर आलेलं. डोळ्यांची पांढरी बाजू लाल. श्वास घेताना फुटक्या शिट्टीसारखा आवाज. मी तिच्या बोटात क्लिप लावली. ह्या वेळी ज्याची त्याच्या बोटात. आकडा चौऱ्याऐंशी.

डॉक्टर नळी घालायची तयारी करत होते. ती माझा पदर धरून ओढत होती. मी कान खाली नेला.

"श्वास थांबला हुता," ती म्हणाली. आवाज नव्हता, नुसता वारा. "कूलरच्या आवाजात… कळंना. जवळ जाऊन… मोजत हुते."

"बोलू नकोस."

"ते झोपेत हुते. सांगा. झोपेत."

मग डॉक्टरांनी मला बाजूला केलं. आतून गळ्याचं हाड मोडलं होतं, सूज चढत गेली. नळी घातली, मान कापून दुसरी घातली. आकडा वर गेला, खाली आला, परत वर गेला. १७१० ला क्लिपवर आकडा दिसेना. मी क्लिप काढली, पुसली, डबीत ठेवली. तिचे हात धुतले. तिच्या नखांत त्याची कातडी होती. ती पोलिसांना हवी असते, म्हणून नखं तशीच ठेवली.

पोलिसांबरोबर मी क्वार्टरवर गेले, तिच्या अंगावर घालायला लुगडं आणायला. कूलर चालूच होता. दाराआड बांबू नव्हता. तो बाल्कनीत होता, कपड्यांच्या दोरीला टेकू दिलेला.

पोलिसांनी खुनाचा गुन्हा लावला. फौजेने आपली कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसवली. महादेवला आमच्याच हॉस्पिटलात एका खोलीत ठेवलं, दारावर गार्ड. तो जेवायचा नाही आणि झोपायचा नाही. झोप आली की उभा राहायचा. मी ताट न्यायची, ताट आणायची.

"क्लिपचं सांग की," मी चौथ्या दिवशी म्हणाले.

"कृष्णातची पट्टी जाईल."

"तुझी मान जातीय."

"जाऊ दे. तिची गेली न्हवं?"

कृष्णातला विचारलं तर तो रडला आणि म्हणाला, "माझी पोरं लहान हाईत, मावशी." त्याने जबानीत क्लिप पेशंटच्या बोटात होती असंच सांगितलं होतं.

माझी साक्ष नवव्या दिवशी १०१५ ला झाली. टेबलामागे तीन ऑफिसर, मध्ये कर्नलसाहेब. मी रंजनाचे शब्द सांगितले. साहेबांनी ते लिहून घेतले, पण पेन खाली ठेवलं.

"मावशी, मरते वक्त बीवी पती को बचाती है. कागज़ क्या कहता है?" त्यांनी रिपोर्ट पुढे केला. "नींद नॉर्मल. ऑक्सिजन सत्तानवे. सांस रुकती ही नहीं, तो ये आदमी जाग रहा था." मग रजिस्टर उघडलं. "ये आपके हाथ का है?"

"जी साहेब."

"क्या लिखा है?"

"ठीक."

"तो ठीक था?"

मी उभीच होते. मला बस म्हणाले होते पण मी बसले नव्हते. भिंतीशी कृष्णात सावधानमध्ये उभा होता. माझी दोन वर्षं राहिली होती.

"नहीं साहेब," मी म्हणाले. "मैंने झूठ लिखा. मशीन कृष्णात के हाथ में था. हवालदार की सांस बंद होती थी. मैंने खुद एकतीस तक गिना."

"मावशी!" कृष्णात ओरडला.

"सावधान!" साहेब म्हणाले. त्यांनी पेन परत उचललं. पंखा फिरत होता. साहेबांनी विचारलं, "क्यों?"

"त्याची रँक वाचवायला," मी मराठीतच म्हणाले. हिंदीत मला ते सांगता येईना. साहेबांना कळलं.

कृष्णातने मग खाली बघून सगळं कबूल केलं. पण नुसत्या बोलण्याने कागद खोटा पडत नाही. मेजर मॅडमनी मागणी केली की पूर्ण तपासणी व्हावी, आणि ती त्याच वेळी, म्हणजे दुपारी, दोन रात्री जागलेल्या शरीरावर. महादेव जागलेलाच होता. त्याला झोपायला तयार करणं कठीण गेलं.

"परत कुणाला तरी मारीन," तो मॅडमना म्हणाला.

"म्हणूनच," मॅडम म्हणाल्या.

खोलीतून लोखंडी स्टँड, ग्लास, टेबल सगळं काढलं. भिंतींना गाद्या टेकवल्या. त्याच्या डोक्याला, हनुवटीला, छातीला वायरी, नाकाशी नळी, बोटात क्लिप. ह्या वेळी क्लिपवर चिकटपट्टी, आणि पट्टीवर मॅडमची सही. मॅडम आणि टेक्निशियन काचेपलीकडे पडद्यासमोर. कर्नलसाहेब त्यांच्या मागे. आत दोन माणसं: मी पायथ्याशी, आणि दाराजवळ गार्डचा एक शिपाई, सहा फुटी, नवीन बदलून आलेला. मॅडमनी त्याला बजावलं, हात लावायचा नाही, फक्त दार सांभाळायचं. तो "जी मॅडम" म्हणाला.

१२५० ला महादेव झोपला. भिंतीवर एक लहान स्पीकर होता, त्यातून टेक्निशियन हळू आवाजात बोलत होता.

"सांस बंद. दस सेकंद. बीस."

छाती हलत होती, पोट हलत होतं, पण हवा जात नव्हती. तोंड उघडं, ओठ काळे पडत चाललेले. मी इतकी वर्षं मरणारी माणसं पाहिली, ती अशीच दिसतात.

"तीस. सॅच्युरेशन अस्सी. चालीस. बहत्तर. हार्ट रेट बढ़ रहा है."

महादेवच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या.

"पचास. चौंसठ."

एवढ्यात तो उठला. उठला म्हणजे शरीर उठलं. डोळे उघडे होते पण ते कुठेच बघत नव्हते. वायरी ताडकन ताणल्या, एक त्याच्या डोक्याची कातडी घेऊन निघाली. त्याने मूठ गादीवर मारली, मग पलंगाच्या दांड्यावर, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. नुकती जुळलेली बोटं परत गेली. तेव्हा शिपाई चुकला. त्याला वाटलं हा आता जीव देतो. तो धावला आणि त्याने महादेवचे दोन्ही खांदे वरून धरले.

महादेवने कपाळ त्याच्या नाकावर घातलं. नाक चेपलं, रक्ताची पिचकारी माझ्या साडीवर आली. शिपाई खाली पडला, महादेव त्याच्यावर, दोन्ही हात गळ्याला. अंगठे तिथेच, जिथे रंजनाच्या गळ्यावर उमटले होते. शिपाई टाचा घासत होता. काचेमागून मॅडम दाराकडे धावल्या, पण दारापर्यंत फिरून यावं लागत होतं.

मी खाली बसले आणि महादेवच्या उजव्या पायाचा अंगठा धरला. नियम असा की धरायचा आणि मागे सरायचं. मी सरले नाही. सरले असते तर पकड सुटली असती. त्याने लाथ मारली, माझ्या तोंडावर बसली. खालचे दोन दात तोंडातच सुटे झाले. मी अंगठा सोडला नाही, पिरगळला आणि होता तेवढा आवाज काढला.

"हवालदार महादेव! स्टँड डाउन!"

दुसरी लाथ खांद्यावर बसली.

"हवालदार महादेव! स्टँड डाउन!"

त्याने श्वास घेतला. बुडणारा माणूस वर येऊन घेतो तसा. हात सैल पडले. तो आपल्या हातांकडे पाहत राहिला, मग खालच्या माणसाकडे.

"हा कोण?" त्याने मला विचारलं.

"गार्ड आहे. जिवंत आहे. बाजूला हो."

तो बाजूला झाला. भिंतीला पाठ लावून बसला. "मी झोपलो हुतो?"

"झोपला होतास." दात मी हातावर थुंकले.

"म्हणजे तिलाबी…"

"हो. झोपेतच."

 त्याने मोडक्या हाताने बोटातली क्लिप चाचपली. ती जागेवर होती.

मॅडमनी पडद्यावरची रेघ छापून कर्नलसाहेबांपुढे ठेवली. मेंदूची रेघ झोपेचीच होती, हात गळ्यावर असतानाही. श्वास किती वेळ बंद होता ते टेक्निशियनने मोजून सांगितलं. "बावन सेकंद, सर." रंजनाकडे मशीन नव्हतं, घड्याळ नव्हतं. दारात उभं राहून तिने मोजलेला आकडा बरोबर होता.

पुढचं थोडक्यात. कोर्टाने कागद पाहिले, साक्षी पाहिल्या, महादेवला खुनातून सोडलं. फौजेने त्याला घरी पाठवलं. कृष्णातची एक पट्टी गेली. शिपायाचं नाक वाकडं जुळलं. मला चार्जशीट मिळाली आणि शिक्षा झाली. ती बरोबर होती, मी अपील केलं नाही. काही जण म्हणाले, मावशीने महादेवला वाचवलं. त्यांना ०४०० चा राऊंड माहीत नाही. त्या रजिस्टरात माझ्या हातचा एक शब्द आहे. तो नसता तर बांबू दाराआडच राहिला असता.

महादेव आता गावी असतो. रात्री तोंडाला मास्क लावून झोपतो, त्यातून हवा गळ्यात ढकलली जाते. दर महिन्याला फोन करतो.

"मावशी, मास्क लावतोय."

"कुणाला?"

"मला."

"बरं," मी म्हणते आणि फोन ठेवते. आम्ही दुसरं काही बोलत नाही. त्याने माझी माफी मागितली नाही, मी त्याची मागितली नाही. जिची मागायची ती नाही.

मंडळाच्या कार्यक्रमात शेवटी शहीदांसाठी दोन मिनिटं शांतता असते. सगळे उभे राहतात. लहान पोरं खोकतात, बाहेर मेट्रो जाते. मी सुरुवातीलाच मनात दत्तूचं नाव घेते. कमानीवर नसलं तरी तो ड्युटीवर होता. मग श्वास धरते आणि मोजायला लागते. माझ्या वयाला बावन्न सेकंद जड जातात. तिसाच्या पुढे छाती धडधडते, चाळिसाला डोळ्यांपुढे अंधारी येते. बावन्नला मी तोंड उघडते आणि रंजनाचं नाव घेते, ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मागच्या वर्षी पुढच्या रांगेतल्या एकाने वळून पाहिलं.

पाहू दे. यंदाही घेणार आहे.